संशयाचे अन्न

चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण आटोपून माउलींची पालखी तरडगावी मुक्कामाला आली, त्या रात्रीची ही गोष्ट. तंबूत हरिपाठ झाला होता, पंगतीची पाने मांडायचे चालले होते, इतक्यात एक गृहस्थ विणेकरीबुवांच्या दर्शनाला आले. पायांवर डोके ठेवले, नारळ ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, पुढच्या वर्षी आळंदीपासून पंढरीपर्यंतच्या सगळ्या पंगती माझ्याकडे लागल्या. माळकऱ्यांकडून भिशी घेऊ नका. एवढी सेवा घडू द्या."

असे कोणी म्हटले की दिंडीवाल्याच्या मनाला काय वाटते, हे ज्याने दिंडी चालवली त्यालाच ठाऊक. गहू, तेल, सरपण, ट्रकचे भाडे यांचा हिशेब करता करता चालकाचा जीव मेटाकुटीला येतो. भिशी परवडत नाही म्हणून एखादी म्हातारी दिंडी सोडून मोकळीच चालते. बुवांच्या डोळ्यांत पाणी आले. पण गृहस्थ गेल्यावर तंबूत कुजबुज सुरू झाली. त्यांचा पैसा गोव्याकडच्या कॅसिनोच्या धंद्यातला, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, "नुसता तेवढा असता तर ठीक. त्यांच्या मागं कुठल्या तरी टोळीची माणसं आहेत म्हणतात." "म्हणतात" एवढाच पुरावा. खटला नाही, फिर्याद नाही, पोलिसांत साधी नोंद असल्याचेही कोणाला ठाऊक नाही.

लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, अन्नदान ते अन्नदान. गंगेला मिळालेला ओहोळ गंगाच होतो. शिवाय ऐकीव गोष्टीवरून कोणाला गुंड ठरवणे ही निंदा झाली, आणि निंदेसारखे पाप नाही, हे तर आपण रोज कीर्तनात ऐकतो. दुसरा पक्ष म्हणे, दुःसंग टाळावा, हेही संतांनीच सांगितले आहे. माहीत असून ते अन्न आपण वारकऱ्यांच्या पानात कसे वाढायचे? निर्णय पंढरीहून परतल्यावर कळवू, असे ठरले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. निंदा करू नये ही आज्ञा खरी आणि कुसंग धरू नये हीही खरी. मग जेथे संशय आहे पण पुरावा नाही, तेथे माळकऱ्याने काय करावे? पुढे काही महिने या विषयाची माहिती मिळेल तितकी वाचली. जे हाती आले ते वाचक भाविकांपुढे ठेवतो.

पहिल्याने एक समजून घेतले पाहिजे. कॅसिनोच्या मालकाला लबाडी करावीच लागत नाही. तेथे रूलेट नावाचे एक चाक असते. युरोपी पद्धतीच्या चाकावर शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे. समजा, प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले, म्हणजे ३,७०० रुपये झाले. गोळी कोणत्याही घरात पडो, जिंकणाऱ्याला पस्तीसपट आणि त्याचे मूळचे शंभर, असे ३,६०० रुपये परत मिळतात. शंभर रुपये मालकाचे राहिले. एखादा खेळणारा जिंकेल, एखादा हरेल. चाक मात्र रात्रंदिवस फिरते आणि आपला वाटा कापून घेते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी छळणाऱ्यांमध्ये द्यूत ही आपली विभूती सांगितली आहे. तेथे माउलींनी जो अभिप्राय दिला आहे, तो या चाकाला तंतोतंत लागतो: ही चव्हाट्यावरची उघड चोरी, पण कोणाला आडवता येत नाही. कारण ज्याचे जाते तो आपल्या हाताने ठेवतो.

मग प्रश्न येतो की, लबाडी न करता पैसा मिळत असताना तेथे टोळीवाले येतात कशाला? ते येतात रोकडीसाठी. जेथे रात्रभर नोटा आणि नाणी ओतली जातात, कोणी किती हरला याची पावती नसते, तेथे मोजणीची खोली हेच खरे देवघर. मोजण्यापूर्वीच काही काढून घेतले, तर ते कोणाच्या वहीत येत नाही. अमेरिकेत याला साय काढणे अशा अर्थाचा शब्द आहे. आणि उलटही करता येते: कोठे तरी खंडणीत, अफूत मिळवलेला पैसा आणून त्याच्या सोंगट्या घ्यायच्या, थोडे खेळल्यासारखे करायचे आणि जिंकलो म्हणून राजरोस धनादेश घेऊन बाहेर पडायचे. आत गेला तो काळा पैसा, बाहेर आला तो पांढरा.

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. लास वेगास हे त्यातले वाळवंटातले गाव. तेथे जुगारघर काढायला प्रतिष्ठित पेढ्या कर्ज देत नसत, आणि हा धंदा ज्यांना येत होता ती माणसे इतर राज्यांत चोरून जुगार चालवणारी होती. तीच तेथे आली. २६ डिसेंबर १९४६ रोजी फ्लेमिंगो हे मोठे जुगारघर उघडले. ते उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या बगझी सीगलचा सहा महिन्यांत, २० जून १९४७ ला, गोळ्या घालून खून झाला. कोणी केला, ते आजतागायत शाबित झालेले नाही. १९५० व १९५१ मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने गावोगाव चौकशी केली. जुगाराचा नफा हाच संघटित गुन्हेगारीचा मुख्य आधार आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पण समितीचा निष्कर्ष वेगळा आणि न्यायालयाचा निकाल वेगळा. जुगारघरे चालूच राहिली. पुढे तर मालमोटार चालकांच्या संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून त्यांना कर्जे मिळू लागली. ज्यांनी आयुष्यभर चाक धरले, त्यांच्या म्हातारपणाच्या पुंजीवर ती दुसरी चाके फिरू लागली.

स्टारडस्ट नावाच्या जुगारघरात नाणी मोजत नसत, तोलत असत. १९७६ साली राज्याच्या अधिकाऱ्यांनी एकाएकी झडती घेतली, तेव्हा तेथील काटा कमी तोल दाखवील असा लावलेला आढळला. उरलेली साय दूरच्या शहरांतील टोळ्यांकडे जात होती. या प्रकरणात १९८६ साली कॅन्सस सिटीच्या न्यायालयात टोळ्यांचे म्होरके दोषी ठरले. म्हणजे फ्लेमिंगो उघडल्यापासून मोजले तर चाळीस वर्षे "म्हणतात" याच अवस्थेत गेली. या चाळीस वर्षांत "पुरावा कोठे आहे?" असे विचारणारा मनुष्य कायद्याने चूक नव्हता. तरीही मोजणीच्या खोलीतून पैसा जात होताच.

याच गावातला मो डॅलिट्झ नावाचा मनुष्य मला विशेष विचारात पाडतो. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा तो चोरट्या दारूच्या व्यापारात होता. पुढे डेझर्ट इन हे जुगारघर त्याच्या हाती आले. केफॉव्हर समितीने त्याला बोलावून प्रश्न विचारले. त्याच्यावर गुन्हा मात्र कधी शाबित झाला नाही. हाच मनुष्य लास वेगासमध्ये सनराइज नावाचे इस्पितळ उभारण्यात पुढे होता. देणग्या देण्यात त्याचा हात मोठा होता. गावाने त्याला दानशूर म्हटले, सन्मान केले. त्या इस्पितळात माणसे खरोखर बरी झाली, हेही नाकारता येत नाही. आता तुम्ही त्या गावचे रहिवासी आहात, तुमचे मूल त्या इस्पितळात वाचले आहे, आणि कोणी येऊन विचारले, "या डॅलिट्झविषयी तुमचं काय मत?" तुम्ही काय सांगाल? मी तर गप्प बसलो असतो.

हे येथेच ठेवून दुसरी एक गोष्ट सांगतो. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे १९६२ पासून २००२ पर्यंत जुगाराचा मक्ता स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे होता. तेथील ट्रायड टोळ्यांशी त्यांचा संबंध आहे, असा आरोप वर्षानुवर्षे होत आला. त्यांनी तो नेहमीच नाकारला आणि तो कोणत्याही न्यायालयात शाबित झाला नाही. २०२० साली ते वारले. त्यांची कन्या पॅन्सी हो ही मकावमध्ये एमजीएम या अमेरिकन कंपनीची भागीदार झाली. त्या कंपनीचे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातही जुगारघर होते. तेथील तपासनिसांनी २००९ साली अहवाल दिला की, पित्याच्या संबंधांमुळे आणि प्रभावामुळे ही कन्या योग्य भागीदार नव्हे. कंपनीने मकावची भागीदारी सोडली नाही. २०१० साली न्यू जर्सीतला आपला हिस्साच विकायला काढला. पुढे २०१४ साली त्या राज्याने कंपनीला पुन्हा घेतले, हा भाग वेगळा.

हे वाचून प्रथम राग आला. बापाचा दोष लेकीवर? तोही शाबित न झालेला? आपण तर प्रल्हादाला वंदन करणारे लोक. हिरण्यकशिपूच्या घरी जन्मला म्हणून कोणी त्याला भक्तमंडळीतून उठवले नाही. जन्मावरून माणूस जोखायचा नाही, यासाठी आमच्या चोखोबांनी किती सोसले! पण पुन्हा विचार करता त्या राज्याच्या नियमातले मर्म लक्षात आले. तेथे तिला गुन्हेगार ठरवले नव्हते, तुरुंगात घातले नव्हते, तिचे धन जप्त केले नव्हते. जुगाराचा परवाना हा हक्क नाही. ज्याला तो हवा त्याने आपली योग्यता दाखवावी, असा तेथील नियम आहे. शिक्षा करायची तर पुरावा सरकारने द्यायचा. विश्वास मागायचा तर तो मागणाऱ्याने मिळवायचा.

माझी गाठ येथे थोडी सुटली. निंदा आणि संगत या दोन गोष्टींना एकच तराजू लावत होतो, म्हणून अडत होतो. एखाद्याला "तू टोळीवाला आहेस" असे चारचौघांत म्हणायचे, तर पुरावा पाहिजे. नसेल तर जीभ आवरली पाहिजे. पण मुलगी देताना, भागीदारी करताना, कोणाच्या पानावर जेवायला बसताना आपण साक्षीपुरावे मागतो का? आपला विवेक विचारतो. पुराव्यावाचून दोष देणे हे पाप आहे. पुराव्यावाचून दूर राहणे हे नाही.

यावर आमच्याच दिंडीतल्या एका शिक्षकाने खोडा घातला, तो सांगितला पाहिजे. ते म्हणाले, "बुवा, हे दूर राहणंच दोष देणं आहे. तुम्ही त्यांची पंगत नाकारलीत की सबंध वाटेवर बोभाटा होईल. तोंडानं नाही म्हटलं तरी हातानं तुम्ही त्यांना गुंड ठरवलंतच." शंका रास्त आहे. परंपरा असे सांगते की, शिवाजी महाराजांनी तुकोबांकडे नजराणा पाठवला आणि तो तुकोबांनी परत केला. त्या नकारात शिवरायांवर दोषारोप होता, असे कोणी म्हणेल काय? ते धन तर स्वराज्याचे होते. ज्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, त्याला ते नको होते, इतकेच. आमच्यात आणि तुकोबांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण घेणाऱ्याने आपल्याकडे बघून नको म्हणावे, देणाऱ्याकडे बोट करून नव्हे, एवढे तरी त्यातून शिकता येते.

आता मूळ गोष्ट. मला पटले ते या सगळ्या वाचनाने नाही. आमच्या दिंडीतले एक वयोवृद्ध टाळकरी आहेत. तरुणपणी मुंबईत लालबागच्या बाजूला गिरणीत साच्यावर होते. दसऱ्याच्या सुमारास ते भेटले, तेव्हा हा विषय त्यांच्यापाशी काढला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी मटका खेळायचो, तुम्हाला ठाऊक आहे का?"

मटक्याची कथा थोडक्यात अशी. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव तारेने मुंबईला येत, त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ते बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपला मटका सुरू केला. आकडा काढायचा, तो ओपन आणि क्लोज असा दोनदा. दहा आकड्यांपैकी एक लावायचा. लागला तर रुपयाला नऊ. दहा घरे आणि नऊ रुपये, म्हणजे पुन्हा तेच चाक. गिरणगावात चाळीच्या तोंडाशी, पानाच्या ठेल्यावर चिठ्ठी फाडणारा बसलेला असे. आपली कोकणातली आणि घाटावरची माणसे पगाराच्या दिवशी त्याच्या पुढूनच घरी जात. या धंद्यात रक्त किती होते, ते पुढे दिसले. २००८ साली एका मोठ्या मटकामालकाच्या गाडीवर अलिबागजवळ ट्रक घालून त्याला मारले, आणि २०१३ साली त्या खुनाबद्दल त्याच्याच घरची माणसे दोषी ठरली. धर्मराजाने पणाला घर लावले होते. येथे घरानेच माणूस लावला.

टाळकरीबुवा सांगत होते, "आमच्या चाळीचा बुकी फार गोड माणूस. अडल्यानडल्याला पैसे द्यायचा. आमच्या भजनी मंडळाकडे पखवाज नव्हता. सप्ताह जवळ आला, वर्गणी जमेना. त्यानं एका दिवसात नवा पखवाज आणून दिला. वर हात जोडून म्हणाला, माझं नाव घेऊ नका. आम्ही त्याला हार घातला. दोन वर्षांनी आमच्याच खोलीशेजारचा पोरगा त्याच्याकडं चिठ्ठ्या गोळा करायला लागला. हिशेबात काही कमी आलं असेल. त्याच्या माणसांनी पोराला जिन्यात गाठून मारलं. हात मोडला. त्याची आई रात्री भजनात आली. म्हणाली, तुम्ही चार शहाणी माणसं, त्याला काहीतरी बोला. सगळे माना खाली घालून बसले. पखवाज मधोमध होता. कोण बोलणार? आम्ही पुढचा अभंग घेतला."

एवढे सांगून ते थांबले. मी विचारले, "मग ती बाई?" म्हणाले, "ती उठून गेली. परत भजनाला आली नाही."

कीर्तनकार भीष्मांची एक कथा सांगतात, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. शरपंजरी पडलेले भीष्म धर्म सांगू लागले, तेव्हा द्रौपदी हसली. सभेत माझी विटंबना झाली त्या दिवशी हा धर्म कोठे होता, असा त्या हसण्याचा अर्थ. भीष्म म्हणाले, त्या वेळी माझ्या अंगात दुर्योधनाच्या अन्नाचे रक्त होते, बाणांनी ते आता वाहून गेले. लहानपणी ही कथा ऐकताना मला वाटे, वाईट अन्नाने बुद्धी भ्रष्ट होते, असे काही तरी विटाळाचे हे सांगणे असावे. आता तसे वाटत नाही. भीष्मांना धर्म कळत नव्हता, असे नाही. जेवत होते, म्हणून बोलवत नव्हते. आणि ध्यानात घ्या की, त्या सभेत जे चालले होते तोही जुगारच होता, राजरोस, आमंत्रण देऊन मांडलेला.

तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न, त्या गृहस्थांच्या मागे टोळी आहे की नाही हा उरला नाही. ती नसेलही, देव करो आणि नसो. परंतु आमच्या दिंडीत वाटेने येणाऱ्या बायकांत अशा आहेत की, ज्यांचा मुलगा किंवा नवरा पुण्याहून, कोल्हापुराहून मित्रांबरोबर मांडवीतल्या त्या तरंगत्या जुगारघरांवर जातो. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला होता. तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला. म्हणून आपली माणसे तिकडे जातात. गोव्याच्या सरकारने २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोमंतकीयांना तेथे जायला बंदी केली. घरच्या लेकराला जे वाढायचे नाही, ते पाहुण्याला वाढायचे, असा हा पाहुणचार! तर त्यातली एखादी बाई उद्या वेळापूरच्या मुक्कामात येऊन म्हणेल, "बुवा, माझ्या पोराला समजवा, घर बुडालं." तेव्हा तिच्या आणि आमच्या हातांत त्याच धंद्याच्या पैशाची पोळी असेल. आमची जीभ उचलेल का? आणि संशय पुढे खरा ठरला, तर मग काय करू? पुढचा अभंग घेऊ?

आमचे हात काही फार स्वच्छ आहेत, असे नाही. निवडणुकीच्या वर्षी पाण्याचे टँकर कोणी पाठवले, ताडपत्री कोणी दिली, याची विचारपूस आम्ही केलेली नाही. व्याजबट्टा करणाऱ्या एका सावकाराचा चहा आम्ही वर्षानुवर्षे घेतो. मग या एकाच माणसापाशी एवढी चिकित्सा का, असे कोणी विचारले तर मला नीट उत्तर देता येणार नाही. एवढेच म्हणतो की, एका दिवसाचा चहा आणि सबंध वाटेचे अन्न यांत फरक आहे; आणि तो फरक सोयीचा आहे, हेही मला दिसते. सावकाराच्या चहाचा विचार एकदा करावा लागेल.

कार्तिकीला ते गृहस्थ पंढरीस आले होते. विणेकरीबुवांनी त्यांना चंद्रभागेच्या वाळवंटात बाजूला नेले. बरोबर मी होतो. बुवा म्हणाले, "दादा, तुमचं अन्न आम्हाला पेलणार नाही. तुमच्याविषयी आम्हाला काही ठाऊक नाही आणि आम्ही काही बोलणारही नाही. पण तुम्ही आमच्या दिंडीत चला. आमच्या पंगतीला बसा. भिशी इतरांची असेल तीच तुमची."

त्यांचा चेहरा उतरला. "लोक काय काय सांगतात ते तुमच्या कानावर आलं वाटतं," ते म्हणाले. बुवा गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "माझा पैसा नको आणि मी चालतो, हे कसं?" बुवा म्हणाले, "पांडुरंगानं तरी कुणाचा पैसा विचारलाय?"

ते काही वेळ नदीकडे बघत उभे राहिले. जाताना रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या पाया पडलो. यंदा भिशीची यादी करताना त्यांचा निरोप आलेला नव्हता. बुवांनी वहीत एक ओळ मोकळी ठेवली आहे. आणि भिशी पन्नास रुपयांनी वाढवावी लागली आहे. ज्या माउलींना ती जड जाईल त्यांनी चालकांना एकांतात सांगावे, त्यांचे पान मांडलेले असेल.